दहावा हिस्सा

शुक्रवारी सकाळी साडेनऊला कंपनी बुडाली.
मला कळलं दहाला, हिमीच्या मासळीबाजारात,
बर्फाच्या पेट्यांमागे कुणीतरी लावलेल्या रेडिओवरून.
तेव्हा मी पुढच्या वर्षाची तिचीच कॅलेंडरं वाटायला निघाले होते.
बेचाळीस कॅलेंडरं, एकेकाला रबरबँड.

सोमवारी पुन्हा सायकल काढली.
खाडीवर ढग गडगडत होते.
हा आवाज झाला की बुरी मासा जाळ्यात येतो, असं इथले कोळी मानतात.
गर्जेल तो पडेल काय, असंही कुठे कुठे म्हणतात;
आमची कंपनी वीस वर्षं टीव्हीवर गर्जत होती
आणि पडली.

पिशवीत आता पत्रं होती.
पत्रात सहा ओळींचं एकच वाक्य,
सरकारी हातचं, म्हणजे कुणाच्याच हातचं नाही:
आपल्या पॉलिसीपोटी राखून ठेवलेल्या रकमेपैकी
दहातले नऊ हिस्से संरक्षित आहेत.

पहिल्या दारात वाकले, दुसऱ्या दारात वाकले.
सातव्या दारात कंबरेवर हात गेला
तर म्हातारीने आतल्या औषधपेटीतून
मलमाची पट्टी आणून दिली.
पत्र तिने वाचलंच नाही.

"आत्ता मोडू नका," मी सगळ्यांना सांगत होते,
"मोडलीत तर आणखी कापतील.
दुसरी कंपनी घेणार आहे. नाव बदलेल, शिक्का बदलेल,
व्याज उतरेल, पण पॉलिसी जगेल."
याच तोंडाने मी एके काळी
साडेपाच टक्के म्हणाले होते, जन्मभर म्हणाले होते,
त्यांच्याच चटईवर बसून, त्यांचाच चहा पीत.

जाळी विणणारे उशिरोदा सुई न थांबवता म्हणाले,
"नऊ कळले, सावातारी-सान. दहावा कुठे गेला?"

मला काय माहीत?
कदाचित कुठल्याशा डोंगरावरच्या गोल्फच्या मैदानात,
जिथे आता रानडुकरं खेळतात.
कदाचित तोक्योतल्या त्या इमारतीत,
जिच्या विसाव्या मजल्यावर मला एकदा बक्षीस मिळालं होतं,
सर्वाधिक नवीन ग्राहक, चांदीचा चमचा.
तो चमचा मी मिसो ढवळायला वापरते.
"मीही शोधतेय," म्हटलं.
त्यांनी गाठ मारली आणि धागा दाताने तोडला.

(माझी स्वतःची पॉलिसीही तिथलीच.
तिचं पत्र फ्रिजवर आहे, तांदळाच्या मापाखाली,
न फोडलेलं.)

हानाओका तोमिए यांच्या घरी उदबत्तीचा वास होता.
मी पत्र पुढे केलं, त्यांनी दुसरा कागद पुढे केला:
डॉक्टरांचा दाखला.
नवरा गेला गुरुवारी रात्री, अकरा चाळीसला.
"सगळीकडे लवकर पोचायची सवय त्यांना," बाई म्हणाल्या,
"स्टेशनवरसुद्धा तासभर आधी."

मी दोन्ही वेळा शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले.
मरण गुरुवारचं. कंपनी शुक्रवारची.
मध्ये नऊ तास पन्नास मिनिटं.
गुरुवारच्या माणसाला शुक्रवारची कात्री का?

त्यांच्याच फोनवरून विचारलं.
पलीकडे नवीन मुलगा होता,
नेमलेल्या प्रशासकाकडून परवाच आलेला.
नियम वाचताना त्याचा आवाज चुकत होता.
"तपासून कळवतो," म्हणाला. मग थोडं थांबून,
"वेळ नीट लिहा हं, बाई. वेळेला महत्त्व येईल."

भिंतीवर आमचंच जुनं कॅलेंडर होतं.
गुरुवारच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलेलं:
दाताचा डॉक्टर, चार वाजता.

मी अर्ज काढला. चष्मा पुसला.
मृत्यूची वेळ या रकान्यात
तेवीस वाजून चाळीस मिनिटं
असं दाबून लिहिलं,
इतकं दाबून, की कार्बनखालच्या
तिन्ही प्रतींवर उमटावं
आणि टेबलावरही.